तिसरी रेघ

१

बेल दाबायच्या आधी मी खाली बघते. चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात, घोट्याच्या उंचीला, चपलांचं स्टँड ठेवतात त्याच्या मागे. तिथवर झाडूवालीचा हात पोचत नाही आणि घरमालकाची नजरही जात नाही. ही सवय मला प्रमोदने लावली. प्रमोद म्हणजे माझा नवरा.

आमचा धंदा पाण्याच्या मशीनचा. खरं तर फिल्टरच, पण फिल्टर म्हटलं की बायका "आहे आमच्याकडे" म्हणतात आणि दार लावून घेतात, म्हणून आम्ही मशीन म्हणतो. पगार नाही. मशीन गेलं तर कमिशन, नाही गेलं तर दिवसभराची पायपीट आपली आपल्याला लखलाभ. त्याआधी प्रमोद उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर होता. कारखाना बंद झाला तेव्हा तिथून त्याने एकच वस्तू घरी आणली, कापडावर खुणा करायचा निळा चपटा खडू. पुढे त्याच खडूने तो दारांवर खुणा करायला लागला.

खुणा सोप्या होत्या. उभी रेघ म्हणजे या घराने मशीन घेतलं. गोल म्हणजे पुन्हा या, बाईचं मन अर्धं झालंय. आडवी रेघ म्हणजे घर बंद. एकाच दाराला तीन आडव्या रेघा झाल्या की वरून फुली मारायची. तीनदा आपण आलो आणि तीनदा कोणी नाही, म्हणजे ते दार आपलं नाही. फुली मारलेल्या दाराला तो पुन्हा कधी हात लावायचा नाही.

एकदा मी त्याच्याशी यावरून भांडले होते. अंबरनाथ पूर्वेला एका फुलीवाल्या घरात दिवा दिसत होता, टीव्ही चालू होता. म्हटलं, अरे आहेत ना घरात, वाजव की. तो जिन्याकडे वळला. "संध्या, फुली म्हणजे फुली. माणसाने आपला मान ठेवावा." मला हसू आलं होतं. दारोदार फिरायचं आणि वर मानाच्या गोष्टी. पण तो तसाच होता.

आणखी एक नियम होता, तो सगळ्याच मशीनवाल्यांचा असतो. गिऱ्हाइकाच्या घरचं पाणी प्यायचं नाही. आपण दारात जायचं, म्हणायचं, ताई, काही विकायला नाही आलो, तुमच्याच घरचं ग्लासभर पाणी द्या. त्यात क्षार मोजायचा पेनासारखा मीटर बुडवायचा, आकडा दाखवायचा, तोंड वाकडं करायचं. ज्या पाण्याला नावं ठेवली तेच घटाघटा प्यायलो तर मशीन कोण घेईल? म्हणून ग्लास भरलेला आला तसा भरलेला परत द्यायचा. प्रमोद मीटर काढला की ग्लासच्या काठावर दोनदा आपटायचा, थेंब झटकायला. टिंग, टिंग. तो आवाज ऐकून मला तो कितव्या दारात आहे ते कळायचं.

आमच्या घरी मात्र मशीन नाही. माठ आहे. संध्याकाळी आला की चपला काढायच्या आत तो माठाशी जायचा आणि उभ्या उभ्या प्यायचा, हनुवटीवरून गळ्यात ओघळेपर्यंत.

२

मागच्या वर्षी मे महिन्यात तो गेला. अंबरनाथ पश्चिमेची एक बिल्डिंग, लिफ्ट बंद, दुपार. मी त्या दिवशी तापाने घरी होते.

लिफ्ट असली की आम्ही वरपासून खाली यायचो. त्या दिवशी तो खालून वर चढत गेला. सोबतची बाटली संपली होती, ती बॅगेत रिकामी मिळाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईने मला नंतर सगळं सांगितलं. बिचारी रडत होती. म्हणाली, मी त्यांना ग्लास भरून दिला, त्यांनी मीटर घातला, आकडा दाखवला. माणूस लालबुंद झालेला. मी म्हटलं, भाऊ, पिऊन टाका ना. तर म्हणाले, नको ताई, घरी जाऊन पिईन.

मग तो जिन्याच्या वळणावर जाऊन बसला. तिथेच गेला. वरच्या-खालच्या लोकांनी त्याला बघितलं होतं. बॅगवाला माणूस, दमलाय, बसलाय. एका घराची त्याने बेल दाबली होती. आतल्या बाईने दाराच्या होलमधून बघितलं, सेल्समन वाटला, उघडलं नाही. मी तिला बोल लावला नाही. कसा लावणार? मी स्वतः दारोदार फिरते, लोक कसे बघतात मला ठाऊक आहे. होलमधला उजेड गेला की समजायचं, पलीकडून कोणीतरी डोळा लावलाय. उजेड परत आला की समजायचं, चला पुढे.

डॉक्टर म्हणाले, उन्हाचा झटका. शेवटी शेवटी घाम यायचाच थांबतो म्हणाले, अंग कोरडं पडतं.

जलदान विधीला त्याच्या नावाने वाटीत पाणी ओतत होते. वाटी भरली, पाणी काठावरून ताटात वाहायला लागलं, तरी ओतणं चालू होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सगळ्यांसमोर ओरडले, जिवंत होता तेव्हा घोटभर मिळालं नाही आणि आता काय हे! माझी नणंद यशोधरा, तिने मला धरून बाहेर नेलं. सासूबाई तेव्हापासून तिच्याकडे कुळगावला असतात. विठ्ठलवाडीच्या खोलीत मी एकटी.

महिन्याभराने मी त्याची बॅग खांद्याला लावली आणि त्याचाच एरिया मागून घेतला.

३

पालेगावचा टॉवर नवा आहे. प्रमोद गेला तेव्हा तिथे अजून काम चालू होतं, बाहेरून हिरवी जाळी. लोक राहायला आले ते या दिवाळीनंतर. अजून अर्धे फ्लॅट रिकामे आहेत, लिफ्टला प्लास्टिक तसंच आहे, पॅसेजमध्ये रंगाचा वास येतो. अशी बिल्डिंग म्हणजे आम्हाला पर्वणी. नवं घर, नवं किचन, मशीन अजून लागलेलं नाही. वॉचमनला गोड बोलून मी आत शिरले आणि लिफ्टने थेट वर गेले.

पहिल्याच दाराशी वाकले, सवयीने. तिथे काही असायचं कारण नव्हतं.

निळा गोल होता.

मी वाकलेलीच राहिले. बॅग खांद्यावरून घसरून कोपरात आली. प्रमोदचा गोल कधी पूर्ण मिटायचा नाही. कापडावर खिशाचा गोल काढायची सवय, त्यामुळे वरच्या बाजूला बारीक फट राहायची. इथेही फट होती. मी बोट लावलं तर निळी पूड बोटाला आली. ताजी होती.

दार उघडलं ते वृंदा नावाच्या मुलीने. नवी नवरी असावी, हातात अजून चुडा होता. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली की तुमच्यातले एक जण आत्ताच येऊन गेले, मी मिस्टरांना विचारून सांगते म्हटलंय. मी विचारलं, कसे होते. तिला नीट सांगता येईना. पांढरा शर्ट, बॅग. मान खाली घालून बोलत होते. आवाज बसलेला होता. मग ती जरा रागावून म्हणाली, "पाणी मागितलं म्हणून दिलं, तर तोंडसुद्धा लावलं नाही. एवढं काय वाईट आहे आमचं पाणी?"

आतल्या बाजूला चपलांच्या कपाटावर स्टीलचा ग्लास होता. काठोकाठ भरलेला.

४

मी काही वेडी नाही. आमच्या घरात भूतखेत, देवऋषी, बाहेरची बाधा हे काही नाही. सासरे तर लिंबू-मिरची दिसली की मुद्दाम पाय देऊन जायचे. दुसऱ्या दिवशी मी सरळ आमच्या टीम लीडरला, उन्मेषला जाऊन धरलं. म्हटलं, माझ्या एरियात माणूस सोडलायस का? तो शप्पथ खायला लागला. ताई, पालेगाव तुमच्याकडेच आहे, तिकडे कोण मरायला जातंय. मरायला शब्द तोंडातून गेला आणि त्याने जीभ चावली.

मग मी हिशेब मांडला. दुसऱ्या कंपनीचा कोणी असेल. प्रमोदने आपल्या खुणा चार जणांना शिकवल्या असतील, तो काही हातचं राखणारा नव्हता. निळा खडू उल्हासनगरात गल्लीबोळात मिळतो. गोलाला फट राहणं ही काय मोठी गोष्ट आहे? आणि पाणी न पिणं, ते तर आम्ही सगळेच करतो. सगळं नीट बसत होतं.

तरी घरी येऊन मी त्याच्या खडूचा तुकडा शोधला. बिस्किटाच्या डब्यात, सुया-दोऱ्यात ठेवला होता. मनात वेगळीच शंका होती, की मीच तर हे करत नाही ना. दुःखात माणसं काय काय करतात आणि त्यांना आठवत नाही, असं ऐकलंय. खडूच्या धारेवर धूळ बसलेली होती. डबा कित्येक महिन्यांत उघडला नव्हता. मला हायसं वाटायला हवं होतं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि तो तुकडा मुठीत धरून मोठमोठ्याने रडले.

यशोधराला फोनवर थोडंसं सांगितलं. ती म्हणाली, वहिनी, आपण असलं काही मानत नाही. मी म्हटलं, हो गं, मी पण मानत नाही. तरी दोघींनी फोन ठेवला नाही. तिचा तो सख्खा भाऊ होता.

५

त्यानंतर मी मशीन विकणं सोडलंच. निघायचे रोज, बॅग घेऊन, मीटर घेऊन, पण पालेगावला जाऊन दारं नुसती बघायचे. मला एकच पाहिजे होतं. एकदा त्याला गाठायचं आणि माझ्या हाताने पाणी द्यायचं. थंड पाण्याची बाटली घरच्या माठातून भरून, ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत ठेवायचे. गिऱ्हाइकाचं नाही, आपल्या घरचं पाणी. ते तर चालेल ना त्याला?

खुणा रोज नव्या असायच्या आणि नेहमी माझ्या एक मजला पुढे. मी वरच्या मजल्यावर असले की खालून बेल ऐकू यायची, दोन आखूड दाब, त्याची पद्धत. मी जिन्याने धावत उतरायचे. तोवर दार लागलेलं असायचं, चौकटीशी खूण झालेली असायची, आणि दार वाजवलं की बाई वैतागून म्हणायची, किती जण येता हो तुम्ही. दारामागे ग्लास असायचा. कधी स्टीलचा, कधी काचेचा, एकदा मुलांचा कार्टून काढलेला प्लास्टिकचा. भरलेला. कोणी तो बेसिनमध्ये ओतत असायचं.

आणि खालच्या मजल्यावरून आवाज यायचा. टिंग, टिंग.

एकदा रिकाम्या मजल्यावरून आला. तिथे एकही कुटुंब राहायला आलं नव्हतं, दारांना बिल्डरची कुलपं होती. मी पॅसेजच्या टोकाला उभी होते. उन्हाचा एक पट्टा जाळीतून आत आला होता आणि त्यात धूळ तरंगत होती. एकेका कुलपाच्या दाराशी वाकून बघत गेले. प्रत्येकाला आडवी रेघ. घर बंद, घर बंद, घर बंद. सगळ्या दारांना रेघ मारून झाली होती. शेवटच्या दाराचं होल काळं होतं. बंद घराच्या होलमध्ये खिडकीचा उजेड दिसतो, निदान ठिपक्याएवढा. मी बघता बघता तिथे ठिपका आला.

त्या दिवशी मी पळाले. रिक्षात बसल्यावर कळलं की एक चप्पल वरच राहिली. आणि तरी दुसऱ्या दिवशी परत गेले. माझ्या डोक्यात पालेगाव सोडून दुसरं काही राहिलंच नव्हतं. समोरच्या खोलीत मालिनी म्हणून नवी भाडेकरू आली होती, साधी बाई. ती मला संध्याकाळी म्हणाली की दुपारी तुमच्याकडे कोणी बॅगवाला माणूस येऊन गेला. मी म्हटलं, सेल्समनच्या घरी सेल्समन, बरं आहे. काही दिवसांनी पुन्हा म्हणाली, तो परत आला होता. मी हो हो म्हणत कुलूप उघडलं. मला माठ भरायचा होता, बाटली धुवायची होती, सकाळी लवकर निघायचं होतं.

६

ज्या दिवशी तो दिसला त्या दिवशी लिफ्ट बंद होती.

वॉचमन म्हणाला, मॅडम, आज लाईटचा प्रॉब्लेम आहे, चढून जा. मी चढायला लागले. मे महिना होता, जिन्याला खिडक्या पश्चिमेला, भिंतींना हात लावला तर चटका बसत होता. दुसऱ्या मजल्यावर माझ्या लक्षात आलं की लिफ्ट नाही म्हणजे आज तोही खालून वर चालला असणार. मग तो माझ्या पुढे असेल. मी न थांबता वर गेले. वाटेतल्या कुठल्याही दाराशी वाकले नाही. वरपर्यंत गेले, कोणी नाही. छाती भात्यासारखी चालली होती. मग सावकाश खाली उतरायला लागले.

आधी आवाज ऐकला. कोरड्या टाळूला जीभ चिकटावी आणि सुटावी, तसा. मग बोलणं. हळू, बसलेल्या आवाजात, पाठ केल्यासारखं.

"ताई, काही विकायला नाही आलो. तुमच्याच घरचं ग्लासभर पाणी द्या."

जिन्याच्या वळणावर तो बसला होता. माझ्याकडे पाठ, तोंड भिंतीकडे. भिंतीला सांगत होता. बॅग शेजारी नीट उभी ठेवली होती, त्याला ती आडवी ठेवलेली आवडायची नाही. पांढरा शर्ट मीच इस्त्री केलेला. त्या उकाड्यात माझा ब्लाऊज पाठीला चिकटला होता आणि त्याच्या पाठीवर घामाचा थेंब नव्हता. नुसते मिठाचे पांढरे डाग, वाळलेले, एकात एक.

मधे फक्त अर्धा जिना होता. मी बाटली बाहेर काढली. फडकं सोडलं. इतके दिवस जे मागितलं ते समोर होतं आणि मला फक्त उतरायचं होतं.

माझे पाय उतरेनात. मी आता हे लपवणार नाही. ज्या माणसासोबत मी एका ताटात जेवले, ज्याच्या तळव्यांना रात्री तेल लावलं, त्याची मला भीती वाटली. नुसती भीती, दुसरं काही नाही. मी म्हटलं, "प्रमोद." आवाज निघाला की नाही माहीत नाही. त्याचं बोलणं थांबलं. भिंतीवर टेकलेला हात सुटला, अंगठ्याला निळं लागलेलं होतं. आणि त्याची मान वळायला लागली. कान दिसला. मग गाल. मग ओठांची कड दिसली, पांढरी, भेगा पडलेली, आणि ते ओठ उघडत होते.

मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा वळण रिकामं होतं. बाटली हातातून पडून फुटायची तेवढी राहिली होती, पाणी पायरी पायरीने खाली चाललं होतं. ते त्याच्या बसायच्या जागेपर्यंत गेलं आणि बाजूने वळून पुढे गेलं.

मग मात्र मी उतरले. त्या जागी जाऊन बसले. रडून रडून डोकं दुखायला लागलं, तरी उठले नाही. म्हटलं, येईल परत. या वेळी डोळे उघडे ठेवीन, या वेळी काही झालं तरी हात पुढे करीन. लोक जात-येत होते. बॅगवाली बाई, दमलीये, बसलीये. कोणी काही विचारलं नाही. ऊन भिंतीवरून उतरलं, दिवे आले, लिफ्ट सुरू झाली. मी संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होते.

७

घरी आले तेव्हा मालिनी दारात भाजी निवडत होती. मला बघून ती उठलीच. म्हणाली, किती वाट बघितली हो त्यांनी आज.

मी विचारलं, कोणी.

तो बॅगवाला माणूस, ती म्हणाली. दुपार टळल्यावर आला, तुमच्या दाराशी बसला. आज फारच दमलेला दिसत होता, मान वरच करेना. मलाच वाईट वाटलं. मी सांगितलं, त्या रोज सकाळीच निघतात, संध्याकाळी येतात, काय माहीत कुठे फिरतात. पाणी देऊ का म्हटलं. तर नको म्हणाला.

"म्हणाला, आतलंच पिईन."

बराच वेळ बसला, मालिनी सांगत होती. मग तुमच्या दाराशी खाली वाकला, काहीतरी केलं आणि गेला. नातेवाईक होते का?

मी खाली वाकले. आमच्या दाराबाहेर कोरफडीचा फुटका डबा आहे, प्रमोदच्या आईने ठेवलेला. तो मी दोन्ही हातांनी सरकवला. मागे, चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात, घोट्याच्या उंचीला एक आडवी निळी रेघ होती, जरा पुसट. तिच्याखाली दुसरी. तिच्याखाली तिसरी, ताजी, इतकी की खाली फरशीवर पूड सांडली होती.

आणि तिन्हींवरून फुली.

मी ज्या ज्या दुपारी पालेगावच्या जिन्यांवर त्याला शोधत होते, त्यातल्या तीन दुपारी तो घरी आला होता. घरी जाऊन पिईन म्हणाला होता, आला होता. घर बंद होतं.

आता मी दुपारी कुठेच जात नाही. पालेगावला आता कुठलीही नवी खूण होत नाही, एक-दोनदा सकाळी जाऊन बघून आले. उन्मेषने एरिया दुसऱ्याला दिला. बरोबरच आहे, त्याला धंदा करायचाय. मी सकाळी दोन घरी पोळ्या करते आणि ऊन चढायच्या आत परत येते. माठ भरते. दार सताड उघडं टाकते. एक ग्लास भरून उंबऱ्यात ठेवते आणि शेजारी बसते. मालिनीने एकदोनदा विचारलं, मग विचारायचं सोडलं.

यशोधरा परवा आली होती. तिने खूण बघितली आणि भिंतीला टेकली. मग म्हणाली, वहिनी, पुसून टाक. ओलं फडकं फिरवलं की जाईल, खडूच तर आहे.

जाईल, मला माहीत आहे. आणि फुली गेली तर तो येईल, असंही कुठेतरी वाटतं. म्हणून रोज दुपारी मी फडकं ओलं करून घेते. कोपऱ्याशी वाकते. मग मला तो जिना आठवतो, वळणारी मान आठवते, ओठांची ती पांढरी कड आठवते, आणि हात थांबतो. कधी वाटतं, भीतीने थांबतो. कधी वाटतं, त्याच्या हातचं घरात आता तेवढंच उरलंय म्हणून थांबतो. खरं काय ते मलाच कळत नाही. फडकं हातात सुकून जातं. संध्याकाळी ग्लासातलं पाणी मी परत माठात ओतते आणि दार लावून घेते.